दुसरा श्वास

१

धाकट्या भावाचा श्वास ऐकत बसायचं, ही माझी नोकरी होती. सांगितलं की लोक हसायचे. पण पाणबुड्या खाली गेला की वर कुणीतरी कानात प्राण आणून बसावंच लागतं. त्याच्या हेल्मेटमधून एक वायर निघते, हवेच्या नळीबरोबर वर येते आणि माझ्या टेबलावरच्या डब्यात शिरते. डब्याला एक कर्णा आणि एक बटण. कर्ण्यातून त्याचा श्वास सतत ऐकू येतो. बटण दाबलं की माझा आवाज त्याच्या कानात. श्वास लांब असला की गडी निवांत आहे, आखूड झाला की कुठेतरी अडकलाय. पुष्कळदा बोलावंही लागत नाही.

घरात सगळे त्याला बेडक्या म्हणतात. पाण्यात सोडला की बाहेर यायचं नावच घेत नसे. मोठा होऊन त्यानं त्याचाच धंदा केला. आईनं परवानगी दिली ती एका अटीवर. "वर तू बसणार असशील तर जाऊ दे," ती मला म्हणाली होती. "परक्याला काय कळणार, हा कधी घाबरला ते?"

काम नव्या टर्मिनलचं होतं. त्या जागेवर पूर्वी एका रसायनांच्या कारखान्याचे गाळाचे तलाव होते. कारखाना बंद पडला, माणसं पांगली, गाळ मात्र तिथेच राहिला. तिकडे कुणी फिरकत नसे. आता तो सगळा गाळ एका पोलादी भिंतीच्या आत कोंडला होता. वर भराव टाकून त्यावर कंटेनर उतरवायचा धक्का बांधायचं चाललं होतं. भिंत म्हणजे समुद्राच्या तळात ठोकलेले उंच पोलादी पत्रे, एकात एक अडकवलेले. आतलं पाणी समुद्रात झिरपू नये म्हणून त्यांच्या प्रत्येक सांध्यात रबरी पट्टी ठोकून बसवायची. हे काम बेडक्याचं. आतून झिरपलेल्या घाणीनं बाहेरचं भिंतीलगतचं पाणी इतकं काळं की दिवा लावूनही स्वतःचा हात दिसायचा नाही. सगळं चाचपून करायचं.

तो वर आला की मामा त्याला धुऊन काढायचे. मामा म्हणजे आमची नळी सांभाळणारे, सगळ्या धक्क्याचे मामा. अंगाला ते पाणी लागलं तर कातडी सोलून निघायची भीती, म्हणून आधी साबणाचा फवारा, मग साधा, आणि मगच हेल्मेट काढायचं. "एवढी आंघोळ तुला जन्मात कुणी घातली नसेल," असं ते दर वेळी म्हणायचे, आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

त्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. माझी खोली म्हणजे भिंतीशेजारी तरंगणाऱ्या तराफ्यावरची पत्र्याची टपरी, ती तापायला लागली होती. मी चहाचा पेला तोंडाला लावला आणि कर्ण्यातून बेडक्या म्हणाला, "ताई, अजून किती?"

मी बटण दाबलं. "अजून किती काय?"

"अजून थोडं खाली ये म्हणालीस ना?"

"मी चहा पितेय बाबा. काही बोलले नाही."

खालून नुसता श्वास. एक लांब, मग एक आखूड.

"बरं," तो म्हणाला. "मामा असतील."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मामा कठड्याशी नळी धरून उभे होते, तोंडात बडीशेप चघळत. बटण माझ्या बोटाखाली होतं, आणि दुसरं बटण कुठेच नव्हतं.

२

जेवताना मी विषय काढला. बेडक्यानं खांदे उडवले.

"तुझाच आवाज होता गं. तू दमलीस की बोलतेस ना, जरा नाकातून, तसा."

"मी नाकातून बोलते?"

"मामा, सांगा हिला."

मामा म्हणाले, "मला बहीणभावाच्या भांडणात ओढू नका."

हसलो आम्ही. पण दुपारी तो पुन्हा खाली गेल्यावर मी बटणाला हातच लावला नाही. हात मांडीवर ठेवले आणि ऐकत राहिले. बराच वेळ सगळं नेहमीसारखं होतं. हातोड्याचा ठोका, श्वास, ठोका. मग तो थांबला आणि कुणाला तरी उत्तर द्यावं तसा म्हणाला, "हो, कळलं. तिथेच आहे मी."

माझे दोन्ही हात मांडीवरच होते.

स्वतःची समजूत घालायला मला कारणांची वानवा नव्हती. वायर जुनी आहे. धक्क्यावर क्रेनवाले दिवसभर वायरलेसवर बोलतात, त्यातलं काही आपल्या वायरीत शिरत असेल. फार खोल गेलं की पाणबुड्यांना भास होतात हेही मला ठाऊक होतं. पण इथली खोली तेवढी नव्हती, आणि क्रेनवाल्यांमध्ये बाई एकही नव्हती. ही दोन्ही उत्तरं मला लगेच सुचली. मी ती बाजूला सारली, कारण मला ती नको होती.

संध्याकाळी मी प्रकल्पाच्या अभियंता मॅडमना गाठलं. त्या शहाण्या बाई होत्या, ऐकून घेणाऱ्या. पण सांगू काय? माझ्या आवाजात दुसरं कुणीतरी बोलतंय, असं? मी म्हणाले, "मॅडम, लाइनमध्ये आवाज मिसळतायत."

"मग तोच डबा कशाला वापरता?" त्या म्हणाल्या. "नवा मागवते. वायरही नवी. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यात काटकसर नको."

मला एवढं हायसं वाटलं की मी त्यांचे दोनदा आभार मानले.

३

नवा डबा फारच चांगला निघाला. जुन्यात सतत खरखर असायची. ह्यात बेडक्याच्या हेल्मेटमध्ये शिरणारी हवासुद्धा वेगळी ऐकू येत होती. त्याचा गिळलेला आवंढा ऐकू येत होता. पहिले काही दिवस एकही चुकीचा शब्द आला नाही. मी आईला फोनवर सांगितलंही, की यंत्र बदललंय, आता काळजी नाही.

एका सकाळी तो भिंतीच्या अगदी टोकाच्या सांध्यावर होता. शेवटचा राहिलेला तोच. मी खिडकीतून पलीकडे भराव सपाट करणारे रोलर बघत होते. कान त्याच्या श्वासावर होतेच. आणि मला वाटलं, हा आज जरा भरभर श्वास घेतोय.

मी नीट ऐकलं. भरभर नव्हता. त्याचा श्वास आत जायचा, बाहेर यायचा, आणि तो बाहेर येता येता दुसरा आत जायचा. दोन माणसं एका उशीवर झोपली की कसं ऐकू येतं, तसं.

"बेडक्या," मी बटण दाबून म्हटलं, "एक काम कर. जरा श्वास रोखून धर."

"का गं?"

"डबा तपासतेय. धर."

त्यानं धरला. मला कळलं, कारण हेल्मेटमधली हवेची सळसळ तेवढी उरली.

आणि त्या सळसळीत श्वास चालूच राहिला. आत, बाहेर. शांतपणे. काही घाई नसलेला.

"सोडू?" बेडक्यानं विचारलं. त्याच्या बोलण्याखालूनही तो येत होता.

"सोड," मी म्हटलं. "आणि वर ये. आत्ताच्या आत्ता."

"पट्टी अर्धी ठोकलीय."

"वर ये म्हटलं ना!"

मग तो वैतागून म्हणाला, "अगं एकदा काय ते ठरव ताई. थांब म्हणतेस की वर ये म्हणतेस?"

मी टपरीबाहेर धावले आणि मामांबरोबर नळी ओढायला लागले.

४

त्या दिवशी आम्ही पुन्हा खाली उतरलो नाही. वाऱ्याचं निमित्त सांगितलं. टपरीचं दार लावून तिघं बसलो. मी डब्याची वायर उपटून ठेवली होती, तरी आम्ही हळू आवाजात बोलत होतो.

"मला हसू नका," बेडक्या म्हणाला. तो स्वतः हसत होता, पण पेला दोन्ही हातांनी धरला होता. "त्या टोकाच्या सांध्यात फट आहे. बोट जाईल एवढी. पाणी बाहेर येतंय का बघायला मी तळहात लावला. बाहेर येत होतं. मग आत जायला लागलं. मग परत बाहेर."

"लाटा असतील," मामा म्हणाले.

"लाटा बाहेरच्या बाजूला असतात, मामा. हे आतून होतं. गाळाच्या बाजूनं." त्यानं तळहात पँटला पुसला. "आणि कोमट होतं."

मामांनी त्याच्याकडे न बघता आमचे दोघांचे पेले गोळा केले.

"तू जाऊ नकोस," मी म्हणाले. "मी मॅडमना सांगते. वेडी म्हणाल्या तरी चालेल."

"मग काय होईल? दुसऱ्या कुणाला पाठवतील. तो सांधा उघडा ठेवून तर चालणार नाही, सगळं विष समुद्रात जाईल. येणारा येईल, त्याला यातलं काही माहीत नसेल. त्याच्या कानात त्याच्या बायकोचा आवाज आला तर तो जाईल ना, म्हणेल तिथे." त्यानं पेला खाली ठेवला. "मला निदान माहीत आहे. अर्धी पट्टी राहिलीय. तेवढी ठोकतो आणि आपण तिघं हे काम सोडू."

शेवटी त्यानंच युक्ती काढली. डबा चालू ठेवायचा, मी ऐकत राहायचं, पण बोलायचं अजिबात नाही. काहीही झालं तरी. वर यायची खूण नळीला दोन हिसके. तो उलट दोन हिसके देईल आणि वर येईल.

"तू गप्प राहा," तो म्हणाला. "म्हणजे तुझा आवाज आला की मला लगेच कळेल, ही तू नाहीस."

किती सरळ उपाय होता. मला तो पटला. त्यातली खोट मला तेव्हा दिसली नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र अगदी निपचित होता. बेडक्यानं हेल्मेट चढवण्याआधी माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायचा तशी. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मामांनी नारिंगी हातमोजे त्याच्या मनगटाशी घट्ट बांधले आणि तो शिडीवरून काळ्या पाण्यात उतरला. गुडघे गेले, छाती गेली, हेल्मेट गेलं.

मी टेबलाशी बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

श्वास. ठोका. श्वास. त्याचाच, एकट्याचा. बराच वेळ तेवढंच. मला वाटलं, चला, होतंय काम.

मग त्याच्या हेल्मेटच्या आतून, त्याच्या कानाशी लावलेल्या त्या छोट्या कर्ण्यातून, लांबून आल्यासारखा माझा आवाज मला ऐकू आला.

"दमलास का रे?"

जरा नाकातून. बेडक्या म्हणाला होता तसाच.

ठोके जोरात पडायला लागले.

"मी आहे रे. घाबरू नकोस. पट्टी राहू दे आता. हात दे इकडे."

"तू ती नाहीस," बेडक्या म्हणाला. "ताई गप्प बसलीय."

"कशी गप्प बसेन मी?" माझा आवाज म्हणाला. "तुला खाली सोडून?"

त्यात एवढी माया होती. मी तरी त्याच्याशी कधी इतक्या मायेनं बोलले होते का कोण जाणे. मला ओरडावंसं वाटलं, बेडक्या, ऐकू नकोस, पण ओरडून काय झालं असतं? त्याच्या कानात तोच आवाज पुन्हा गेला असता. कोणता माझा ते त्याला कसं कळणार? आम्हीच तसं ठरवलं होतं. मी माझाच आवाज त्याच्या लेखी खोटा करून ठेवला होता.

ठोके थांबले.

"ताई?" तो म्हणाला. हळूच. जणू समोर कुणीतरी आहे.

मी दारात गेले आणि मामांना हातानं खुणावलं. तोंडातून शब्द काढायचीही मला भीती वाटत होती. मामांनी नळीला दोन हिसके दिले. नळी ढिली पडली. मग ताठ झाली आणि खालून दोन हिसके आले.

माझा जीव भांड्यात पडला. आम्ही दोघांनी मिळून ओढायला सुरुवात केली.

६

हेल्मेट वर आलं. शिडीवर पाय लागले. तो कठडा ओलांडून तराफ्यावर आला आणि गुडघ्यांवर बसला. मामांनी आधी हेल्मेटची वायर उपटली, साबणाचा फवारा मारला, मग साधा. हातमोजे सोडून बादलीत टाकले. हेल्मेटची कडी उघडली. आत बेडक्याच होता. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे.

मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गरम होता. तो रडत होता.

"ठोकली का रे पट्टी?" मामांनी विचारलं.

"ठोकली," तो म्हणाला. "बहुतेक."

आणि टपरीतून कर्णा बोलला.

"ताई, नळी कुणी ओढली?"

आम्ही तिघंही तसेच राहिलो. वायरीचं टोक मामांच्या पायाशी, ओलं, उन्हात चमकत पडलं होतं.

"ताई, माझी नळी वर गेली गं. हवा येत नाहीये. मी खालीच आहे अजून. ताई?"

बेडक्याचाच आवाज. घाबरला की त्याचं वाक्य शेवटी वर चढतं, ते मी जन्मापासून ऐकलंय. ते तसंच चढत होतं. श्वास आखूड, फार आखूड. कानांनी मला सांगितलं, माझा भाऊ बुडतोय. हातांनी सांगितलं, तो इथे आहे.

बेडक्यानं माझे हात बाजूला सारले आणि तो उठायला लागला. "सोड मला. हेल्मेट दे."

"वेडा झालास का?"

"त्याला घ्यायला हवं वर! ऐकतेस ना तू? तो मीच आहे गं, मला माझा आवाज कळत नाही होय?"

मी त्याच्या कमरेला मिठी मारली. मामांनी हेल्मेट उचलून लांब ठेवलं आणि तेही येऊन त्याच्या खांद्यांवर पडले. तो आम्हा दोघांना ओढत कठड्यापर्यंत गेला. म्हणून मी खाली बघितलं. एरवी बघितलं नसतं.

भिंतीशी बुडबुडे येत होते. त्या भरावातून वायू सुटायचा, बुडबुडे आम्ही रोज बघायचो. पण हे शिडीच्या दिशेनं सरकत होते. आणि शिडीची पाण्याच्या जेमतेम खाली, उन्हात दिसणारी पायरी होती, तिच्यावर एक नारिंगी हातमोजा होता. बोटं पायरीभोवती वळलेली. आत हात असल्यासारखा भरलेला.

मी बादलीकडे बघितलं. दोन्ही हातमोजे तिच्यात होते.

पुन्हा खाली बघितलं तर पायरी रिकामी होती, आणि पाणी इतकं काळं की ती पायरीसुद्धा पुसट झाली होती.

टपरीत श्वास चालला होता. आत, थांब. आत, थांब. मी इतकी वर्षं श्वास ऐकत आले, पण कुणाचा शेवटचा ऐकला नव्हता. तो कसा असतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यात शब्द नव्हते. एक लांब ओढ, मग पाण्याची घरघर, आणि मग नव्या डब्याची स्वच्छ शांतता.

माझ्या मिठीत बेडक्या एकदम सैल पडला.

७

मॅडम धावत आल्या तेव्हा आम्ही तिघं तराफ्याच्या लाकडी फळ्यांवर बसलो होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या. शेवटी मी म्हणाले, "दुसरा पाणबुड्या बोलवा. खाली कुणीतरी आहे का, एकदा बघू द्या."

त्यांनी मामांकडे बघितलं, बेडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शोधायचं कुणाला?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं. "हरवलंय कोण?"

माझा भाऊ माझ्या शेजारीच बसला होता.

त्यांनी आमच्यावर उपकारच केले म्हणायचे. त्या टोकाच्या सांध्याशी आणखी कुणाला उतरवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. भिंतीच्या पुढे बाहेरून आणखी पत्रे ठोकायचे आणि मधली पोकळी वरून काँक्रीट ओतून भरून टाकायची. आम्ही काम सोडलं होतं तरी काँक्रीट ओतायच्या दिवशी बेडक्या म्हणाला, मला बघायचंय. एकटा जाऊ नकोस म्हणून मी बरोबर गेले.

पंपाची जाडजूड सोंड धक्क्यावरून वाकली होती. राखाडी काँक्रीट धपाधप खाली पडत होतं आणि काळं पाणी कडेनं वर येऊन पंपानं दुसरीकडे ओढलं जात होतं. कामगार ओरडत होते, कुणीतरी गाणं म्हणत होतं. बेडक्या कठड्याला धरून उभा होता. पोकळी काठोकाठ भरेपर्यंत तो हलला नाही. माणसं फळी घेऊन वरचा थर सारखा करायला लागली, तेव्हा कुठे त्यानं मान वळवली.

"ताई," तो म्हणाला, "तू मलाच वर घेतलंस ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. तेच डोळे, हनुवटीवरची तीच खूण. पंपाचा आवाज इतका होता की त्याचा श्वास मला ऐकू येत नव्हता.

"हो रे," मी म्हणाले.

तो वाट बघत राहिला, मी आणखी काही बोलेन म्हणून.